बनावट बदकांची निगा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. मेरीलँडमधला बदकांच्या शिकारीचा हंगाम जानेवारीअखेर संपला, बंदूक साफ होऊन कपाटात गेली, कुत्रा हीटरपाशी घोरतो आहे आणि गॅरेजमध्ये गाडीच्या जागेवर चार डझन ओली, चिखलाने माखलेली, एकमेकांच्या दोऱ्यांत अडकलेली प्लॅस्टिकची बदकं पडली आहेत. बदक मारणं हा पहाटेपासून दुपारपर्यंतचा उद्योग. ही बदकं सांभाळणं मात्र फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत चालतं, आणि त्याला परवाना लागत नाही म्हणूनच बहुधा ते कुणी शिकवत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी बिचकू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे ही बला माळ्यावर येऊन बसण्याची शक्यता नाही. पण लेक-जावई बाल्टिमोरकडे राहत असतील आणि जावईबापू ऑफिसातल्या मित्रांबरोबर चेसापीकच्या उपसागरावर जाऊ लागले असतील, तर उन्हाळ्यात तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी दचकायला नको, म्हणून वाचून ठेवावं.

डिकॉय म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवायचं खोटं बदक. वरून जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटावं, खाली आपलीच मंडळी निवांत चरताहेत, तेव्हा उतरायला हरकत नाही. पूर्वी या कामाला खरी बदकंच पायाला दोरी बांधून सोडत. १९३५ साली अमेरिकन सरकारने ते बंद केलं. कारण पक्ष्यांची संख्या भराभर घटत होती हे होतं. पण सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तरी निर्णय चांगलाच होता. प्लॅस्टिकच्या बदकाला मका घालावा लागत नाही, आणि ते रात्री दोन वाजता ओरडत नाही.

पायरी पहिली : सोडवणं

प्रत्येक बदकाच्या पोटाखाली एक उभी पट्टी असते, तिला दोरी, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. पाण्यातून उचलतानाच दोरी त्या पट्टीभोवती इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळावी आणि शिशाची मऊ पट्टी मानेभोवती वळवून पक्की करावी, असा नियम आहे. नियम करणाऱ्याने तो घरात बसून केला असावा. जानेवारीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, बोटं बधिर झालेली असताना माणूस बदक धरतो आणि पोत्यात कोंबतो. असे अठ्ठेचाळीस कोंबलेले जीव आता तुमच्यापुढे आहेत. कात्री लांब ठेवा. एक टोक सापडलं की त्याच्याच मागे जा. मध्येच दुसरं हाती लागलं म्हणून मोह धरू नका. शिसं हाताळलेल्या हातांनी चहाचा कप उचलू नका.

हा जाच कायमचा संपवायचा तर ‘टेक्सास रिग’ करून घ्या. दोरीऐवजी जाड नायलॉनची तार घ्यायची, तिच्यावर अंड्याच्या आकाराचं वजन ओवायचं, ते तारेवर मोकळं सरकतं. दुसऱ्या टोकाला फास. डझनभर फास एका कॅराबिनरमध्ये अडकवून टांगले, की वजनं घरंगळत खाली बदकांपाशी जातात, तारा ताणून सरळ राहतात आणि गुंता होत नाही. एवढं साधं आहे. तरीही जुने शिकारी दोरीच वापरतात आणि दर फेब्रुवारीला तिला शिव्या देतात; तो त्यांच्या हंगामाचाच भाग झालेला असतो.

पायरी दुसरी : धुणं

इथे मराठी घरातल्या माणसाने विशेष जपावं. चकाकी आणण्याची हौस असेल तर ती समयांवर भागवा. डिकॉय चमकलं की कामातून गेलं. खरी पिसं उन्हात चकचकीत दिसत नाहीत, आणि पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीनच. म्हणजे ज्याला फसवायचं त्याची नजर फसवणाऱ्यापेक्षा तेज. त्यात कपडे ‘पांढरेशुभ्र’ करणाऱ्या पावडरीत असे पदार्थ असतात, की ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्या पावडरीने बदकं धुतलीत तर तुम्हाला ती स्वच्छ दिसतील आणि बदकाला काय दिसेल ते बदकच जाणे. शिकारी आपले कपडेसुद्धा तिने धूत नाहीत.

तेव्हा गार पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. तारेची घासणी नको. चिखल जाऊ द्या, पण रंग घासू नका. नर मॅलार्डची हिरवी डोकी आणि चोची यांचा रंग आधी उडतो. तिथे ब्रश हलकाच फिरवा. ज्याचा उडालाच आहे त्याला मॅट अॅक्रिलिकचा हात द्या. चकचकीत ऑइलपेंटचा अर्धा डबा घरी उरलाय म्हणून तो वापरणं, ही काटकसर पुढच्या नोव्हेंबरात रिकाम्या हाताने घरी आणते.

धुवायला आणखी एक कारण आहे आणि ते थट्टेचं नाही. दोरीला अडकलेलं शेवाळ आणि पोटात साठलेलं पाणी यांतून एका तळ्यातले उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जातात. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. वेगळ्या पाण्यावर जाण्याआधी सगळं धुऊन, निथळून, निदान पाच दिवस वाळवायचं.

पायरी तिसरी : भोकं

तुमच्या बदकांना भोकं आहेत. नाही कशी, आहेतच. जखमी पक्षी डिकॉयांच्या मधोमध पडतो, शेजारी घाईने बार काढतो आणि छर्रे ज्याच्यात घुसायचे त्याच्यात घुसतात. असं बदक हळूहळू पाणी पितं, एका अंगावर कलतं आणि आजारी असल्यासारखं दिसू लागतं. आजारी बदकाशेजारी उतरायला कोण येणार? भोक शोधायला पंक्चरच्या दुकानातलीच युक्ती: घमेल्यात बुडवून दाबा, बुडबुडे कुठून येतात पाहा, पेन्सिलने खूण करा. पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी भरा. आतलं पाणी आधी काढलंच पाहिजे. ते तसंच राहून गॅरेजमध्ये गोठलं तर फुगतं आणि शिवणीवरून बदक उकलतं. भोक कुणाच्या बंदुकीचं, हा प्रश्न मैत्री टिकवायची असेल तर विचारू नये.

पायरी चौथी ते नववी : वाळवणं

सहाही पायऱ्या एकच आहेत, फक्त धीर सुटू नये म्हणून वेगळ्या मोजल्या. बाहेरून कोरडं झालेलं बदक आतून कोरडं नसतं. चार डझन पक्षी घरात कुठे वाळत घालायचे हे आधी ठरवा, बाथरूमच्या शॉवरच्या दांडीला टांगले, तर सकाळी सातच्या घाईत “अरे, हे आता इथंच राहणार का?” हे ऐकावं लागेल. त्याला या मार्गदर्शिकेत उत्तर नाही.

साठवण

या कामातला विक्रम नेवाडा राज्यात आहे. १९२४ साली तिथल्या लव्हलॉक गुहेत खणताना जमिनीत पुरून ठेवलेली अकरा बनावट बदकं मिळाली. बोरूसारख्या पाणगवताची घट्ट बांधलेली, कॅनव्हासबॅक जातीच्या बदकाच्या रूपातली, काहींवर रंग आणि खरी पिसं. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ठेवणाऱ्याने कोरडी, अंधारी, उंदीर पोचणार नाहीत अशी जागा निवडली, नीट ठेवली आणि मग परत आलाच नाही. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत. तुमचं गॅरेज त्या गुहेच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या.

म्हणजे बदकं घराच्या पोटमाळ्यावर नकोत. जुलैच्या उकाड्यात मऊ प्लॅस्टिक आणखी मऊ होतं, वरच्या थराच्या भाराने खालच्यांच्या माना वाकतात आणि हंगामात अर्धा कळप पोटाखाली काहीतरी शोधताना दिसतो. वाकलेलं बदक गरम पाण्यात धरून हाताने सरळ करून गार पाण्यात बुडवलं तर बरंचसं सुधारतं. पिशवी जाळीची घ्या, शक्य तर खणाखणांची. एका खणात एक. तसली परवडत नसेल तर डोक्यांवर जुने मोजे चढवा, रंग एकमेकांवर घासत नाही. वॉशिंग मशीनने ज्यांचा जोडीदार गिळला आहे असे मोजे प्रत्येक घरात असतातच. पिशव्या जमिनीवर न ठेवता तुळईला टांगा. उंदरांना थर्मोकोल आणि बूच दोन्ही प्रिय असतात. पंख गरगरणारं मोटारीचं बदक असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा.

लाकडी असल्यास

थांबा. वरचं सगळं विसरा.

चेसापीकच्या काठी एखाद्याच्या आजोबांच्या शेडमध्ये पांढऱ्या सीडरचं, रंग उडालेलं, छर्ऱ्यांनी टोचलेलं बदक मिळू शकतं. ते क्रिसफील्डच्या लेम आणि स्टीव्ह वॉर्ड या भावांचं असू शकतं. दोघे धंद्याने न्हावी, गिऱ्हाइकांची डोकी करता करता बदकांचीही करणारे. किंवा हाव्र द ग्रेस गावच्या आर. मॅडिसन मिचेल यांचं, ज्यांचा मुख्य व्यवसाय गावातल्या माणसांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा होता. त्या गावात आज डिकॉयांचं संग्रहालयच आहे. अशा बदकाला साबण लावू नका, रंगाचा हात देऊ नका, भोकं बुजवू नका. संग्राहक किंमत देतात ती मूळच्या रंगाला. २००७ साली मॅसॅच्युसेट्सचे कारागीर ए. एल्मर क्रॉवेल यांचे दोन पक्षी, एक पिसं साफ करणारा पिनटेल आणि एक झोपलेला कॅनडा गूज, प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले. सुट्टीला आलेल्या सासूबाईंनी हौसेने पुसून काढलेल्या बदकाला तेवढे येणार नाहीत.

लोखंडी असल्यास

क्वचित ओतीव लोखंडाचंही भेटतं. ते तरंगत नाही. तरंगणं हे त्याचं कामच नव्हतं. शिकारी पाण्याच्या पातळीला बुडालेल्या एका पेटीत आडवा पडून राहत असे आणि ती पेटी पुरेशी खाली बसावी म्हणून तिच्या फळ्यांवर ही लोखंडी बदकं मांडत. सिंकबॉक्स नावाची ती पेटीही १९३५ सालीच बंद झाली आणि बदकं घरोघर दाराला अडसर म्हणून कामाला लागली. त्याला धुणं नाही, वाळवणं नाही, उंदीर नाही, गुंता नाही. गंज असेल तर तोही राहू द्या. फक्त रात्री पाणी प्यायला उठलात तर दिवा लावा आणि पायात सपाता घाला.