वचने किं दरिद्रता

ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेचा संयम वाखाणण्याजोगा आहे. २०२२ च्या डिसेंबरपर्यंत तिच्यात थ्रेड कितीही काढा, ओकॅमलचा कोड एका वेळी एकानेच चालवायचा. बाकीच्यांनी कुलूप उघडायची वाट पाहायची. (शिस्त म्हणतात ती हीच.) हे ताटकळणे सुसह्य व्हावे म्हणून एक नव्हे, दोन लायब्रऱ्या लाभल्या: एलडब्ल्यूटी आणि असिंक. दोघीही उत्तराऐवजी उत्तराचे वचन देतात. एकीचे वचन दुसरीकडे वटत नाही, एवढेच. शिवाय एका फंक्शनने वचन दिले की त्याला बोलावणाऱ्यालाही वचनच द्यावे लागते, थेट वरपर्यंत. मग पाचवी आवृत्ती आली, सगळे कोअर कामाला लागले. आता दुफळी मिटणारच, कारण इओ नावाची तिसरी लायब्ररी आली आहे. तिघींत समेट घडवणाऱ्या चौथीचेही वचन मिळाले आहे. उत्तर यथावकाश.