आलं का?

हैदराबादेतल्या विद्यानगरच्या प्रत्येक गल्लीत एक अँटेनाकाका असतात. तुमच्याही गल्लीत होतेच, नाही म्हणू नका. बनियनवर, कुणी बोलावलेलं नसताना गच्चीवर उभे असत ते.

खरं तर रामंतपूरचं दूरदर्शन केंद्र १९७७ सालचं, आणि इथून जवळच. काडी हलवायचीही गरज नव्हती. पण काकांना ‘सावली’ दिसे. समोरच्या इमारतीवर आपटलेली लहर किंचित उशिरा पोचते आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट जुळी बहीण येऊन बसते. तिला उठवायला काका अँटेना बोटभर फिरवत आणि गर्जत, “आलं का?”

खालून काकू, “हौ, आलं!”

काका हात काढत.

“गेलं!”

काकांचा हात अँटेनावर असेपर्यंतच चित्र स्वच्छ. अख्खा सामना त्यांनी तसाच उभ्यानं ऐकलेला आहे. पुढे प्रश्न तोंडातच बसला. नळाच्या पाण्याला “आलं का?”, गावाकडच्या पत्राला “आलं का?” भाचीच्या वेळी प्रसूतिगृहाच्या बंद दाराबाहेरूनही तेच. नर्स घाबरली.

मग केबल आली. ईटीव्ही मराठी २००० साली सुरू झाली ती इथल्याच रामोजी फिल्म सिटीतून. म्हणजे मराठी वाहिनी आपल्याच शहरातून निघून छत्तीस हजार किलोमीटर वर जाई, परत खाली येई आणि गल्लीतल्या केबलवाल्यापाशी अडे! तेलुगू झाल्या, हिंदी झाल्या, की उरल्यासुरल्या नंबरावर मराठी, तीही मुंग्यांसकट. काका रोज भांडायला जात. केबलवाला त्यांना बघितलं की शटर ओढून घेई.

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात अडतीस शहरं होती, त्यांत हैदराबाद. मुदत ३१ मार्च २०१३. घरोघर सेट-टॉप बॉक्स बसले आणि काकांचा धंदाच बसला. अ‍ॅनालॉग चित्र बिघडत बिघडत जाई. मुंग्यांतूनही नायिका कुणासाठी रडतेय ते कळे. डिजिटलला अधलंमधलं चालत नाही. सिग्नल पुरेसा असेतो चित्र लख्ख, त्याखाली घसरला की नायिकेचे चौकोन, नाहीतर पडदाच काळा. तिथे बोटभर फिरवणार काय? काकांनी काही दिवस बॉक्सच फिरवून पाहिला.

शेवटी डीडी फ्री डिशनं त्यांना वर बोलावलं. मासिक भाडं नाही, सह्याद्री दिसते. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे हैदराबादेतून आग्नेयेला, बराच उंच. आग्नेयेला स्वयंपाकघर असतं, असा आक्षेप शेजाऱ्यांनी घेतला. काकांनी ऐकलं नाही.

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त मराठी शिक्षिका एकट्या राहतात, मुलं अमेरिकेत. त्यांची डिश काकांनीच लावली, दुखरा गुडघा घेऊन. मुसळधार पाऊस आला की उपग्रहाची लहर पावसातच विरते. गच्चीवर जाऊन कुणीही काही करू शकत नाही. हे काकांना पक्कं ठाऊक आहे. तरी प्रत्येक पावसाला छत्री घेऊन ते तिकडे जातात, बाईंचा आल्याचा चहा पितात आणि चित्र परत येईपर्यंत बसतात. कौतुक करावं असं वाटतं, पण तेवढ्यात ते आपला टीव्ही बघायला मागतात.

सध्या त्यांच्या तळमजल्यावर नांदेडची दोन मुलं भाड्यानं राहतात, स्पर्धा परीक्षेची. टीव्ही नाही, सगळं फोनवर. परवा काकांनी त्यांचा राउटर हातात घेतला आणि त्याच्या दोन काड्या कुठल्या दिशेला ठेवतात, असं विचारलं. पोरांना माहीत नव्हतं. काकांनी दोन्ही आग्नेयेला वळवल्या.