सामायिक संगणकाची खातेफोड

श्टुटगार्ट,
श्रावण वद्य पंचमी

तीर्थरूप अण्णांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. दूरध्वनीवर बोलताना मागे सूनबाईचा चढलेला आवाज ऐकू आला, घरात बेबनाव तर नाही ना, अशी पृच्छा आपण केली आहे. बेबनाव आहे, परंतु तो निव्वळ महसुली स्वरूपाचा असून, ज्यांनी वाईच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी केली त्यांच्याच कानी तो घालणे उचित, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या घरी संगणक एक आणि खाती चार : सौ. वसुधाचे, माझे, चि. चिन्मयचे, आणि गतवर्षी आपण येथे आला होता तेव्हा उघडलेले आपले, जे अद्याप कायम आहे. विंडोजची दफ्तरी रीत अशी की, नव्या यंत्रावर ज्याचे खाते प्रथम उघडले जाईल तोच त्याचा ऍडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कुलमुखत्यार. हा मुहूर्त साधला जात असता मी खोक्याचा पुठ्ठा, या देशाच्या शिस्तीस अनुसरून, कागदाच्या कचरापेटीत विधिपूर्वक विसर्जित करण्यासाठी तळमजल्यावर गेलो होतो. वर येईतो सनद दुसऱ्याच्या नावे झाली होती. तेव्हापासून कुटुंबाचा कर्ता पुरुष मी, पण संगणकावर साधी रयत.

आता सॉफ्टवेअर बसवण्याच्या तऱ्हा दोन. एक 'प्रोग्राम फाइल्स' नामक फोल्डरात, जे गावच्या गायरानासारखे समजावे : तेथे आलेली वस्तू चारही खात्यांनी उपभोगावी, मात्र नवा खुंटा रोवायचा तर मुखत्यारीचा हुकूम हवा. 2007 साली विस्टा ही आवृत्ती बाजारात आली तेव्हापासून अशा प्रसंगी पडदा काळवंडतो आणि यंत्र परवानगी विचारते. माझ्या खात्यात तर 'होय' म्हणण्याची माझी कितीही तयारी असली तरी खाली वसुधाच्या नावाचा आणि तिच्याच पासवर्डाचा रकाना उघडलेला असतो. दुसरी तऱ्हा प्रत्येकाच्या स्वतंत्र 'ऍपडेटा' फोल्डराची, म्हणजे खातेफोड झालेल्या जमिनीची. तेथे कोणासही विचारावे लागत नाही. आपल्याशी चित्रभेट घडवणारा कार्यक्रम याच तऱ्हेचा, म्हणून त्याच्या तीन प्रती तीन खात्यांत स्वतंत्रपणे नांदतात आणि तिघींचीही नूतनीकरणे निरनिराळ्या दिवशी, बहुधा आपला फोन यायच्या वेळेस, निघतात.

ही पळवाट चिन्मयने (वय वर्षे तेरा; आजोबांची कायदेबुद्धी एक पिढी वगळून उतरली असावी) आम्हां उभयतांच्या आधी हेरली आणि एक खेळ स्वतःच्या खात्यात बिनपरवाना बसवला. वसुधाने संशयावरून आपल्या खात्यातून कार्यक्रमांची यादी तपासली. पण दुसऱ्याच्या खातेफोडीतील पीक आपल्या उताऱ्यावर चढत नसल्यामुळे तीत काहीच सापडले नाही, आणि मुलावर घेतलेला आळ तिला मागे घ्यावा लागला. हा अपमान ती विसरली नव्हती.

अशा वातावरणात येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची निमंत्रणपत्रिका करण्याचे काम आमच्याकडे आले. चिन्मयने ती खरोखर देखणी सजवली. त्यासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट त्याने उतरवून घेतला. तो मुक्त परवान्याचा असल्याने त्यात गैर काहीच नव्हते. परंतु 2018 च्या उत्तरार्धातील विंडोज 10 च्या आवृत्तीपासून फॉन्टदेखील ज्याच्या त्याच्या खात्यापुरता बसू लागला आहे. पूर्वी त्यासाठीही मुखत्यारीची मोहोर लागत असे, आणि माझ्या मते तेच बरे होते. वसुधाने छापण्यासाठी पत्रिका आपल्या खात्यात उघडली तेव्हा 'मुक्ता' तेथे नव्हताच; यंत्राने परस्पर आपल्या पदरचा 'निर्मला' फॉन्ट योजला, ओळी लांबल्या, मंगलमूर्ती पहिल्या पानावर राहिले आणि महाप्रसादाची वेळ एकटीच दुसऱ्या पानावर गेली. 'माझ्याकडे बरोबर दिसते' असे चिन्मय म्हणे, 'माझ्याकडे दिसत नाही' असे वसुधा म्हणे, आणि दोघेही अक्षरशः खरे बोलत असल्यामुळे तडजोडीस जागाच उरली नाही. आपण ऐकलात तो आवाज या सुनावणीचा.

तोड निघाली ती अशी की, फॉन्टच्या फाइलीवर उजवी कळ दाबून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय निवडावा, व त्यावर वसुधाचा पासवर्ड पडावा. तो पडला, पत्रिका छापली गेली. एक प्रत सोबत जोडली आहे. मात्र पासवर्ड देण्यापूर्वी तिने चिन्मयकडून खेळाची कबुली वसूल केली, आणि त्याच्याच हातून तो त्याच्या खात्यातून काढवला.

या हुकुमाविरुद्ध अपील करण्याचा त्याचा निश्चय असून कचेरीच्या शैलीतील मसुदा आजोबांनीच करून द्यावा अशी त्याची विनंती आहे. आपण तो संगणकावर पाठवू नये. ऍडमिनिस्ट्रेटरला कोणाचाही फोल्डर, यंत्राने एकवार 'आपणांस परवानगी नाही' असे बजावल्यावर, 'पुढे चला' एवढे दाबून उघडता येतो. टपालाने पाठवावा, आणि पाकिटावर माझे नाव नको.

ती. आईस साष्टांग नमस्कार. लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
सदाशिव