स्लॅबवरचे बप्पा

असे एक बप्पा माजलगावच्या दर गल्लीत सापडतात. शेत पोरानं सांभाळलं, बप्पा बंगला बांधून गावात आले. पण सिंदफणाकाठची काळी माती काही सुटली नाही. ती ट्रॉलीनं दारात पडते आणि पोत्यापोत्यानं जिना चढते. आधी मिरची, दोडका, मग शेवगा, यंदा केशर आंब्याचं कलम.

माणूस हिशोबाला पक्का. ऊस घालताना किलोकिलोसाठी भांडलेला. काटा मारतात, ही जन्माची तक्रार. पण तीच माती गच्चीवर गेली की बप्पांच्या लेखी तिला वजनच उरत नाही.

“आपलं धरण मातीचं असून एवढं पाणी धरतंय, अन् सिमेंटचा स्लॅब माती धरंना व्हय?”

वर मुंबईचा दाखला. “हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवरच हाय की!” आहे खरं, मलबार हिलचा जलाशय आहे तो. पण त्याच्या पोटात खांब आहेत. बप्पांच्या हॉलमधला एकुलता खांब त्यांनीच काढायला लावला, पोरीच्या हळदीला पंगत बसेना म्हणून.

शेजारचा इंजिनिअर पोरगा समजावतो, “बप्पा, जाण्यायेण्याची गच्ची धरतात चौरस मीटरला १५० किलोच्या हिशोबानं. म्हणजे चौरस फुटाला १४. तुमचा फूटभर ओल्या मातीचा वाफा तिथंच ५० किलो भरतो. निदान बीमवर सरकवा. अन् गॅलरीतला ड्रम आधी काढा. पुढं काढलेल्या स्लॅबचं मेन लोखंड वरच्या अंगाला असतं. ओततानी गड्यांनी ते तुडवून खाली बसवलं असलं, तर गॅलरी कशाच्या जिवावर हाय?”

“माझ्यासमोर ओतलाय स्लॅब. नारळ मीच फोडला.”

खाली काकू छताची ओल बघून पलंग सरकवतात. आतापर्यंत तीनदा सरकवला. बीमखाली कधीच पोचला. बाईंना भारवहन कुणी शिकवलं नाही.

शेवटी पोरगा हट्टाला पेटला. पावसानंतरची एक कुंडी, म्हणजे रंगाची २० लिटरची बादली, त्यानं आडत दुकानात नेली. बप्पांचा अंदाज, “धा-बारा किलो. लई झालं.”

भरली ३४.

बप्पांनी काट्याभोवती फेरी मारली, वाकून खाली बघितलं, बादली उतरवून पुन्हा ठेवायला लावली. मग आडत्याकडं वळून म्हणाले, “जन्मभर ऊस घातला बाबा, पण जास्ती दावणारा काटा आज पहिल्यांदा बघितला. हंगामात ह्योच लावा.”