हाताची घडी, कानावर हेडफोन

पुण्यात एखाद्या पोराने घरी सांगून टाकलं, की मी डीजे व्हायचं म्हणतोय, की पहिली बुकिंग नात्यातूनच येते. मावशी विचारते, "धाकट्याच्या वरातीला येशील ना? आणि ती स्पीकरची भिंत तुझीच असते की भाड्याने आणतोस?" मग तो ट्रान्स समजावू लागतो. एकेक ट्रॅक सात-आठ मिनिटांचा, शब्द जवळजवळ नाहीतच, ठेका शेवटपर्यंत एकच. मावशी शांतपणे ऐकून घेते आणि चहा ठेवायला उठते.

पोरगा मात्र हट्टाला पेटलेला असतो. लॅपटॉप असतोच, त्याला जोडायला कंट्रोलर येतो. दोन गोल तबकड्या, मधे मिक्सर, आणि बटणं इतकी की पहिला आठवडा कुठलं कशाचं यातच जातो. मग खरं दुखणं सुरू होतं: एक ट्रॅक वाजत असताना दुसरा त्यात असा मिसळायचा, की नाचणाऱ्याचं पाऊल चुकू नये. ट्रान्सचा वेग मिनिटाला साधारण १२५ ते १५० ठोके. समजा, वाजतोय तो १४०चा आणि हेडफोनमधून एका कानात तयार होतोय तो १३८चा. फरक फक्त दोनाचा; पण पंधरा सेकंदांत दुसरा ट्रॅक अर्धा ठोका मागे पडतो आणि एकाच गल्लीत दोन टांगे शिरल्यासारखी टापांची खिचडी होते. दुसऱ्याचा वेग दीडेक टक्का वाढवला की जुळतं. हे 'दीडेक टक्का' कानाला कळायला किती दिवस लागतात, ते शेजाऱ्यांना विचारावं.

'सिंक' नावाचं एक बटण हे काम क्षणात करतं. ते दाबणं म्हणजे गाइड वापरून पास होणं, असं जुनी खोडं मानतात. नवशिक्या ते दाबतो आणि कुणी पाहिलं नाही ना, हे पाहतो.

पण सिंक फक्त वेग आणि ठोके जुळवतं. शिरायचं कुठे, हे माणसालाच ठरवावं लागतं. ट्रान्समध्ये बदल होतात ते बहुधा ३२ ठोक्यांच्या हिशेबाने. ज्याने लहानपणी तबल्याच्या क्लासला दांड्या मारल्या नाहीत, त्याचं इथे फावतं: तीनतालाची दोन आवर्तनं, की आली सम. १४०च्या वेगात हे सगळं जेमतेम चौदा सेकंदांत उरकतं. वर सुरांची भानगड आहेच. काळी एकच्या ट्रॅकवर काळी दोनचा चढवला, तर ठेका तंतोतंत जुळूनही शेजारच्या पेटीवाल्या आजोबांचा चेहरा बघवत नाही.

आणि हे सगळं जमलं, की सगळ्यात अवघड भाग येतो: काहीही न करणं. ट्रॅकची सुरुवात आणि शेवट मिसळण्यासाठीच जवळजवळ रिकामे ठेवलेले असतात. मधली पाच-सहा मिनिटं ज्याने तो ट्रॅक बनवला त्याची. डीजेने उभं राहावं, पुढचा ट्रॅक शोधावा. नवशिक्याचे हात मात्र शिवशिवतात. लोक बघतायत आणि आपण नुसते उभे? म्हणून तो बेस काढतो, परत घालतो, फिल्टर पिळतो, इको सोडतो. सुंदर चाललेला ट्रॅक पाण्याखाली गेल्यासारखा गुदमरतो.

गोव्यात, ट्रान्सच्या जुन्या पार्ट्यांत, हा मोह ठेवलाच नव्हता. १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन तिथे रमलेले गोवा गिल, हणजुण्याच्या पार्ट्यांचे पितामह, पुढे 'डॅट' म्हणजे डिजिटल टेपवरून वाजवायचे. उन्हात आणि वाळूत रेकॉर्डच्या तबकड्या टिकायच्या नाहीत, वाहून नेणंही जड. टेप खिशात मावायच्या. पण डॅटच्या यंत्रावर वेग कमी-जास्त करता यायचा नाही. त्यामुळे ठेका जुळवणं बाद. एका ट्रॅकचा ठेका थांबला, की त्या शेपटीवर दुसऱ्याची बिनठेक्याची सुरुवात सोडायची. गिल असे चोवीस-चोवीस तास वाजवत. सिंक नाही, इको नाही, आणि माणसं सकाळपर्यंत नाचतायत. कंट्रोलरवर पैसे घालवलेल्याने हा इतिहास जरा बेतानेच वाचावा.

पुण्यातली पहिली मैफल अर्थातच मित्राच्या गच्चीवर, वाढदिवसाची. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा कायदा सोसायटीच्या सेक्रेटरींना तोंडपाठ. गोव्यात अंधाराचा कडक माल रात्री आणि सुरेल माल सूर्योदयाला वाजवण्याची रीत. इथे सूर्योदय साडेनऊला उरकावा लागला. ट्रॅक रंगला, मंडळी चक्क नाचू लागली, आणि ब्रेकडाउन आला. ट्रान्सचा प्राण तोच: ठेका पूर्ण थांबतो, मिनिट-दीड मिनिट नुसते सूर तरंगतात, ताण चढत जातो आणि मग एकदम ठेका कोसळतो. आपल्या डीजेने आयुष्यात प्रथमच हात मागे बांधले.

ठेका थांबल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दोघं जेवणाकडे वळले. बर्थडे बॉयचे काका मात्र जबाबदार माणूस. ते थेट एक्स्टेंशन बोर्डाकडे गेले आणि स्पीकरची पिन उपसून फुंकर मारू लागले. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे ठेका कोसळला तो फक्त पडद्यावर.

"पिन लूज होती," काका हात झटकत म्हणाले. "आता घाल पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे आठ मिनिटं, आणि दहाला सहा कमी होती.