पोकळ ठिपका

तुकड्यातुकड्यांचे फल अकरावीच्या पुस्तकात फार सोवळ्यात असते. क्ष शून्याहून लहान असेल तर हे सूत्र, मोठा असेल तर ते. क्ष कुणाचा कोण, विचारायचे नाही. म्हणून भाचीला मी प्राप्तिकराचा आलेख काढायला बसवले. जुन्या पद्धतीचा.

आडव्या अक्षावर करपात्र उत्पन्न, उभ्यावर कर. पाच लाखांपर्यंत रेषा अक्षावर लोळत पडलेली, कारण तिथवरचा १२,५०० रुपयांचा कर सरकार माफ करते. पाच लाखांवर भरीव ठिपका. बरोबर त्याच्या डोक्यावर, साडेबारा हजारांच्या उंचीवर, पोकळ ठिपका. तिथून पुढे शेकडा वीसचा चढ. उत्पन्न दहा रुपयांनी वाढायचा अवकाश, उपकर धरून तेरा हजार गेलेच! मार्च महिन्यात माणसे विमा एजंटाला आपणहून फोन करतात ती उगाच नव्हे. ती सगळी धडपड पोकळ ठिपक्यावरून भरीव ठिपक्यावर उतरण्याची असते. दहा लाखांवर चढ वीसचा तीस होतो, पण तिथे रेषा तुटत नाही, नुसती वाकते. सातत्य शाबूत, कंबरेत कळ.

नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत शून्य. पुढे उडी नको म्हणून सवलत अशी, की बारा लाखांवर जेवढे कमावले त्याहून जास्त कर नाही. म्हणजे साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत वरचा रुपयान् रुपया सरकारचा, शिवाय त्यावर चार पैसे उपकर. रेषा अखंड आहे, एवढेच समाधान.

मग भाचीने जुन्या पद्धतीच्या आलेखाचा विस्तार वाचायला घेतला, म्हणजे कर किती किती येऊ शकतो ते. "शून्य, आणि मग एकदम तेरा हजारांच्या वर. मधलं काहीच नाही." पेन्सिल थांबली. "मामा, खालचे काका म्हणत होते ना, आपण जुनी पद्धत सोडली नाही, शेअर नाहीत, भानगडी नाहीत, सात हजार भरले की मोकळे?"

काका स्वतःला पंचावन्नचे म्हणवतात. त्या वयाच्या आलेखात सात हजार नव्हते. साठीपुढच्यांचा काढला: त्यांना सूट तीन लाखांपर्यंत, म्हणून उडी दहा हजारांची, सात हजार तिथेही पोकळीतच. शेवटी ऐंशीपुढच्यांचा. त्यांना पाच लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे उडीही नाही. रेषा शून्यापासून सलग चढते, आणि सात हजार तिच्यावर मजेत बसलेले!

"म्हणजे काका खरंच बोलत होते," भाची हळहळली.

संध्याकाळी जिन्यात तिने त्यांना वाकून नमस्कार केला, हातातली भाजीची पिशवी घेतली आणि कोपराला धरून त्यांना वर आणू लागली. केसांना कलप लावणाऱ्या माणसाला हे आवडत नाही.