कॅशेकाका

आमच्या गल्लीत ताप उतरेना झाला तर लोक डॉक्टरकडे जातात, बाळाला दृष्ट लागली तर समोरच्या आजीकडे जातात, आणि बँकेच्या वेबसाइटचं पान उघडेना झालं तर कॅशेकाकांकडे. पहिला प्रश्न तिन्हीकडे सारखाच असतो. डॉक्टर विचारतात, "काल काय खाल्लं होतं?" काका विचारतात, "काल काय दाबलं होतं?"

"काहीच नाही की ओ काका."

"बरं. मग परवा?"

आजवर आमच्या गल्लीत कुणीही काहीही दाबलेलं नाही. पासवर्ड आपोआप बदलतात, खिडक्या आपोआप बंद होतात, आणि पडद्याच्या कडेला शाहरुख खानच्या लग्नाच्या जाहिराती लावणारी तीन-तीन एक्स्टेन्शनं म्हणे रात्रीतून उगवतात. काका वाद घालत नाहीत. खांद्यावरच्या सोलापुरी टॉवेलाच्या टोकाने ते आधी पडदा पुसतात, मग चष्मा पुसतात, आणि खुर्ची पुढे ओढतात. निम्म्या घरांना एवढ्यानेच बरं वाटू लागतं.

गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली, अशोक चौकाच्या अलीकडची. दिवसभर यंत्रमागांची खटखट चालते, त्यामुळे इथली माणसं मुळातच मोठ्याने बोलतात. एका ओट्यावर तेलुगू, दुसऱ्यावर मराठी, मधूनच कन्नड. आणि वाक्याच्या शेवटचा 'बे' तिन्ही भाषांचा. अशा वस्तीत नेटबँकिंग आलं ते पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांबरोबर. दिवाळीला घरी यायचं, आईबापांना जुना लॅपटॉप द्यायचा, बँकेचं खातं त्यावर चालू करून द्यायचं आणि पाडव्याच्या रात्री गाडी पकडायची. पोर कुर्डुवाडी ओलांडेपर्यंत घरात पासवर्ड विसरलेला असतो. मागे उरतात काका.

त्यांना कॅशेकाका हे नाव पडलं ते एका अपघातातून. ब्राउझर एकदा पाहिलेल्या पानांचे तुकडे स्वतःपाशी साठवून ठेवतो, पुढच्या वेळी पान लवकर उघडावं म्हणून. या साठवणीला म्हणतात कॅश. बँकेने पान बदललं आणि आपल्याकडे जुने तुकडे राहिले की लॉगिनचं चाक नुसतं गोल फिरत बसतं. तर कोपऱ्यावरच्या बिडी वळणाऱ्या अक्कांनी काकांना फोन केला की पान उघडेना. काका कामात होते. म्हणाले, "अक्का, तुमची सगळी कॅश साफ करायला पाहिजे. उद्या सकाळी बघू."

अक्कांनी सकाळपर्यंत दम धरला. दहा वाजता बँक उघडली, सव्वादहाला अक्कांनी खात्यातली सगळी रक्कम काढली, कनवटीला बांधली आणि तशाच काकांच्या दारात आल्या. "साफ केली बघा. आता बघा चालू होतंय का." काकांना त्या दिवशी भाकरी गेली नाही. दोघं मिळून पुन्हा बँकेत गेले, भरणा केला, आणि त्या दिवसापासून काका 'कॅश' न म्हणता 'कॅशे' म्हणू लागले. पुण्याची पोरं त्यांना सुधारायला जातात. "काका, उच्चार कॅशच आहे." काका म्हणतात, "पुण्यात म्हणा कॅश. इथं म्हटलं की लोक रांग लावतात."

अशी माणसं हल्ली प्रत्येक पेठेत आहेत. जुळे सोलापुरात एक निवृत्त मास्तर हे काम करतात, होटगी रोडला पोस्टातून निवृत्त झालेले एक जण. पण आमच्या काकांचं शिक्षण वेगळं. ते चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पाडायचे. सोलापुरी चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी उमटते ती जकार्डमुळे. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची, मग तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला जागेवर राहतो. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली, आणि पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांची कार्डं वापरायची ठरवली. पुतण्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कॉम्प्युटर आमच्याच खात्यातला की!" तेव्हापासून त्यांना कुठल्याही कॉम्प्युटरची भीती वाटत नाही; दूरच्या नात्यातला वाह्यात पोरगा असावा तसं ते त्याच्याशी वागतात.

पण भोकं पाडण्याची ती शिस्त मात्र हाडात मुरलेली. एक भोक चुकलं तर मोराची चोच पोटातून बाहेर येते. अशा वेळी माग जोरात हाणून उपयोग नसतो. माग थांबवायचा, आणि एकेक कार्ड मागे जात चूक कुठे आहे ते बघायचं. बँकेचं पान अडलं तरी काका हेच करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बघायचं. आधी पान ताजं करायचं. नाही झालं तर इन्कॉग्निटो खिडकी. तिथे चाललं म्हणजे दोष बँकेचा नाही, आपल्या घरातल्या साठवणीचा किंवा एक्स्टेन्शनचा. मग साठवण पुसायला कंट्रोल-शिफ्ट-डिलीट. तरीही नाही तर दुसरा ब्राउझर. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्या पोराचा उपाय एकच असतो, "फॉरमॅट मारावं लागतंय." काका त्याला म्हणतात, "कुरूप झालं म्हणून पाय कापतोस काय बे?"

त्यांची समजावणीही ऐकण्यासारखी. कॅशे म्हणजे काय? "आपली कडक भाकरी महिनाभर टिकते. बँकेचं पान टिकत नाही. शिळं काढून टाकायचं." कुकी म्हणजे? "गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट. कालचं तिकीट आज दाखवलं की पाळणेवाला उतरवणारच." आणि बँकेच्या पानावर असताना मागे जाण्याचा बाण दाबला की लॉगिन तुटतं, त्याबद्दल एकच वाक्य : "स्मशानातून निघाल्यावर मागं वळून बघतो का आपण?" हे ऐकल्यावर वाडीकरांच्या सुनेने मागे जाण्याचा बाण कायमचा सोडला. आता ती पाककृतीच्या पानावरूनही मागे येत नाही. कॉम्प्युटरच बंद करते.

काकांच्या काही केसेस गल्लीत अजून सांगितल्या जातात.

एका निवृत्त सरांचा कॉम्प्युटर आठ दिवस बँकेचं पान उघडेना. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा यायचा. सरांनी दोनदा पासवर्ड बदलला, एकदा बँकेत जाऊन व्यवस्थापकांना शुद्धलेखनासह अर्ज दिला. काका आले, त्यांनी बँकेच्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बोट ठेवलं. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९. आतली बटणासारखी बॅटरी मेली होती. वीज गेली की कॉम्प्युटर दरवेळी त्याच तारखेला जन्म घ्यायचा. बँकेच्या वेबसाइटच्या ओळखपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि ब्राउझर ती घड्याळाशी ताडून बघतो. "सर," काका म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने हे ओळखपत्र अजून जन्मायचंय." बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. मात्र जाताना काकांनी बजावलं की तारीख बरोबर असूनही असा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' हे कधी दाबायचं नाही. सरांनी ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

दुसरी केस कविता करणाऱ्या एका वैनींची. पासवर्ड बरोबर, तरी 'चुकीचा'. कवितेसाठी त्यांनी कीबोर्ड मराठीवर ठेवला होता आणि पासवर्डच्या चौकटीत काळ्या ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. ठिपक्यांना भाषा नसते. काकांनी वरच्या, नावाच्या चौकटीत त्यांना कुठलाही शब्द टाइप करायला लावला. तिथे मराठी अक्षरं उमटली, आणि विंडोज व स्पेस एकदम दाबल्यावर भाषा बदलली. वैनींनी त्यावर 'ठिपक्यांआडची मी' अशी कविताही केली. ती काकांना पूर्ण ऐकावी लागली. फी त्यांनी याहून जास्त कुणाकडून घेतलेली नाही. एरवी चहा, फार तर शेंगाचटणीची पुडी.

पासवर्ड टाइप करायची वेळ आली की काका उठतात, भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. गल्लीतल्या साऱ्या घरांच्या भिंतींवरची कॅलेंडरं त्यामुळे त्यांना पाठ आहेत. मुहूर्त कुणाला हवा असेल तर तेही सांगतात. पण उपयोग काय? मागांच्या खटखटीत वाढलेली माणसं पासवर्ड ओरडूनच टाइप करतात. "सि-द्धे-श्व-र... ॲट... एक दोन तीन! काका, झालं!" काका भिंतीलाच म्हणतात, "मी ऐकलं नाही. पण पलीकडच्या चार मागवाल्यांनी ऐकलंय. बदला." ग्रामदैवताच्या पुढे एक दोन तीन लावलं की खातं सुरक्षित, अशी निम्म्या गल्लीची श्रद्धा आहे. एकाच देवाने एवढ्या खात्यांची राखण करायची म्हणजे त्यालाही जड जात असणार.

काकांना दोष नाहीत असं नाही. यश आलं की ते पाऊण तास बोलतात. अपयश आलं की ते अपयश नव्हतंच असं सिद्ध करायला दीड तास. ८ मार्च २०२१ ला मोबाइल कंपन्यांनी व्यावसायिक एसएमएस गाळणारी नवी यंत्रणा लागू केली आणि देशभर ओटीपी अडकले. काकांना हे कुठलं माहीत? ते उन्हातान्हात घरोघर फिरून कॅशे साफ करत राहिले. संध्याकाळी बातम्यांत कारण कळलं, दुसऱ्या दिवशी ती यंत्रणा आठवडाभरासाठी थांबवली, आणि ओटीपी आपोआप येऊ लागले. "आपोआप?" काका आजही विचारतात. "आदल्या दिवशी सात घरं कुणी स्वच्छ केली होती?"

त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे तिसरा प्रयत्न करायचा नाही. लागोपाठ तीनदा पासवर्ड चुकला की बऱ्याच बँका खातं काही काळ कुलूपबंद करतात. म्हणून दोनदा चुकलं की हात वर. हा नियम समजावताना काकांनी एकदा स्वतःच्याच खात्यावर प्रात्यक्षिक दाखवलं. "हे बघा, एक चुकीचा... हे बघा, दोन... आता तिसरा मी टाकणार नाही, कारण..." बोलता बोलता बोट पडलं. त्यानंतर चोवीस तास काकूंनी दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की हे अक्कलकोटला गेलेत. काकांनी तो दिवस अक्कलखाती जमा केला आणि रात्री गच्चीवर आम्हाला खरं सांगितलं. मला ते त्या रात्री पहिल्यांदा मोठे वाटले.

गेल्या वर्षी त्यांना पुन्हा हंगाम आला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपला पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितला. या शेपटीचा पत्ता बँकांनाच मिळतो, त्यामुळे खरी-खोटी वेबसाइट ओळखणं सोपं व्हावं हा हेतू. पण गल्लीला दहा वर्षं फसवणूक टाळण्याचे धडे देणारे स्वतः काकाच! "पत्ता बदलला दिसला की पळ काढा," असं त्यांनीच शिकवलेलं. आता खरा पत्ता बदलला तर लोक पळायला लागले. काकांनी वही केली, प्रत्येक घरात बसून नवा पत्ता हाताने टाइप करवून घेतला, जुनी खूण पुसली, नवी लावली. अक्कांनी विचारलं, "आता कॅश काढू का?" काका म्हणाले, "तुम्ही नुसत्या बसा."

एका बाबतीत मात्र ते चेष्टा करत नाहीत. पान अडलं म्हणून घाबरून सर्चमध्ये बँकेचा फोन नंबर शोधणारी माणसं. तिथे चोरांनी आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा गोड बोलतो, पडदा दिसणारं ॲप टाकायला लावतो, ओटीपी वाचतो. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा, आणि गंडलोच तर तासाभरात नव्हे, त्याच मिनिटाला १९३० ला फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठी देशभरचा हा क्रमांक. काकांनी तो प्रत्येक घराच्या मॉनिटरच्या खाली चिकटवला आहे, पण पाठ कुणालाच करावा लागला नाही. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, चार हुतात्म्यांचं गाव हे. इथल्या शाळकरी पोरालाही तो आकडा विचारा.

तुमचंही पान अडलं असेल तर खुशाल या, कुणीही घर दाखवेल. फक्त नळाला पाणी यायच्या दिवशी येऊ नका. चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी काका कुणाचाच कॅशे साफ करत नाहीत, घागरी भरतात.